सतरा जानेवारीचा थर

४ डिसेंबर

ही डायरी ड्वेननं वाढदिवसाला दिली. वर म्हणाला, "जे मला रोज जेवताना ऐकवतेस ते आधी हिला ऐकव. उरलंच काही, तर मला सांग." नवरा रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो. दिवसभर बर्फच बघतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला त्याविषयी एक शब्द नको असतो. माझं मात्र बर्फाशिवाय भागत नाही. शाळेची बस चालवायची आणि सुटीच्या दिवशी मैत्रीण पॉलीबरोबर स्की घेऊन डोंगरात जायचं, हे माझं आयुष्य. साठी उलटली म्हणून त्यात काही बदल करावा असं मला वाटत नाही.

आज या हिवाळ्यातला पहिला सराव. गावसभागृहाच्या मागच्या मैदानावर गुडघाभर बर्फ साठलाय. तिथं आम्ही बटाट्यांच्या पोत्यात एक बीकन, म्हणजे खुणेचा संदेश सोडणारं छोटं यंत्र, घालून पुरतो आणि आपल्या गळ्यातल्या बीकनच्या टिकटिकीवरून ते पोतं शोधतो. जवळ गेलं की आवाज वाढतो. मग घडीची लांब सळई खुपसून बघायची, पोतं लागलं की फावडं घ्यायचं. डोंगरात हिमलोटाखाली माणूस गाडलं गेलं, तर दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावं लागतं. तेवढ्यात खालून कोण येणार? जी बरोबर असेल तीच काय ती मदत. माझ्याबरोबर वीसेक वर्षं पॉली चेर्नोफ आहे, म्हणून मी निर्धास्त असते.

पण आज बाईंनी घोळ घातला. पोत्याची जागा तिनं माझ्याआधी ओळखली, आणि मग सळईच जोडता येईना! आतली दोरी ओढली की तुकडे एकमेकांत बसतात, लहान मूलही करेल. हिची दोरी खाचेतून सुटते आहे, ही पुन्हा ओढते आहे.

"थंडीनं दोरी आखडलीय," ती म्हणाली.

"दोरी नाही गं, तू आखडलीयस. बटाटे केव्हाच गुदमरले."

ती हसली, पण जरा उशिरानं. मग हात खिशात घालून उभी राहिली आणि खणायचं सगळं काम माझ्यावर टाकलं. आळशी झालीय. तिला धाकात ठेवायला हवं.

२३ डिसेंबर

नाताळाचा डबा आला. पॉलीच्या आजोबांच्या वेळेपासून त्या रशियन मंडळींच्या घरात पिराही, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या, होतात, आणि पॉलीच्या पिराहीची कड म्हणजे भरतकाम. यंदा सगळ्यांची तोंडं उघडी, बटाट्याचं सारण बाहेर. मी फोन केला. "अगं, यांना एवढं हसू कशाचं फुटलंय?"

"सणाचं," म्हणाली आणि विषय बदलला.

ड्वेननं अर्धा डबा संपवला. मग म्हणाला, "पॉलीची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय, कामचुकारपणा वाढलाय.

१८ जानेवारी

आठवडाभर आकाश निरभ्र होतं आणि थंडी कडाक्याची. बर्फावर दहिवराची पिसं उगवली होती, नखाएवढी, उभीच्या उभी. भिंग लावून बघत बसले. इतकी सुंदर गोष्ट इतकी वाईट असावी याचं दर वर्षी नवल वाटतं. काल त्यांच्यावर नवा बर्फ पडला आणि ती जशीच्या तशी उभी गाडली गेली. आता वर कितीही बर्फ साठू दे, खाली आधार त्या पिसांचा. एखादा स्कीवाला त्यावर गेला की पिसं मोडतात आणि आख्खा उतार घसरतो.

अशा थराला आमच्याकडे तो ज्या दिवशी गाडला गेला त्या तारखेचं नाव देतात. म्हणजे हा सतरा जानेवारीचा थर. हिमलोटाच्या रोजच्या इशाऱ्यात आजपासून त्याचं नाव लागलं. पाच पायऱ्यांच्या शिडीत धोका तिसऱ्या पायरीवर.

ड्वेन म्हणाला, "ही सतरा जानेवारीची पाहुणी राहणार किती दिवस?"

"महिनाभर तरी. जास्तही."

"म्हणजे तुझ्या बहिणीसारखी."

त्याला आज वाढायला उशीर केला.

२७ जानेवारी

बस घेऊन पॉलीच्या घरावरून जाताना इम्केची हिरवी गाडी दिसली. इम्के म्हणजे ती घोड्यांना नाल ठोकणारी जर्मन. दोन हिवाळ्यांपूर्वी गावात आली. चाळिशीची आहे, दंड माझ्या मांडीएवढे. अंगणभर बर्फ उकरलेला, इम्के गुडघ्यांवर बसलेली, आणि पॉली खिशात हात घालून तिच्यावर ओरडते आहे. मुलं म्हणाली, बाई, हिरवा दिवा लागून किती वेळ झाला.

संध्याकाळी फोनवर सहज विचारलं. "तुझ्याकडे कुणी आलं होतं का?"

"इम्के. तिला बोर्श शिकवतेय."

बोर्श म्हणजे बिटाचं सूप. त्यासाठी बीट अंगणात पुरतात, हे मला माहीत नव्हतं. मी फोन ठेवला. वीस वर्षांत पॉली माझ्याशी खोटं बोलली असेल तर ते फक्त माझ्या केसांविषयी.

काय ते उघड आहे. पॉलीला नवी मैत्रीण हवी आहे, तरुण आणि दणकट. हवी तर हवी. मी काही लग्नाची बायको नाही.

३ फेब्रुवारी

आजीच्या एप्रनवर जाऊन आलो. म्हणजे वरपर्यंत गेलो आणि परत फिरलो. एप्रन म्हणजे झाडीच्या वरचा तो रुंद उघडा उतार. पॉली आणि मी दर हिवाळ्यात तो एकदा तरी उतरतोच, आजवर एकही हिवाळा चुकलेला नाही. ड्वेनचं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा मी रुग्णालयातून परस्पर गेले होते. त्याच्या वतीनं पॉलीनं मला दोन शिव्या दिल्या आणि बरोबर आली.

वर खड्डा खणला. बर्फाचा एक खांब सुटा करायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापा मारायच्या. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. हे काम नेहमी पॉलीचं, कारण माझ्या थापा कधी हलक्या तर कधी जोरात पडतात. आज म्हणाली, तू मार. कोपराच्या थापांना खांबाचा वरचा भाग ओढलेल्या खणासारखा सरकन बाहेर आला. खाली भिंगातून बघितलं तर पिसं.

दोघी एकदमच म्हणालो, "नाही."

आमचा जुना नियम आहे. एकीनं जरी 'नाही' म्हटलं तरी परत फिरायचं. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, घरी जाऊन टोमणे मारायचे नाहीत. आज तर कारण डोळ्यांसमोर होतं. झाडीत बसून थर्मासमधला बोर्श प्यायलो. ओतायचंही काम मलाच. बाई हात खिशात घालून राणीसारख्या बसल्या होत्या, आणि कपसुद्धा खाली टेकवूनच मागितला.

घरी ड्वेनला थापांची गोष्ट सांगितली. म्हणाला, "थापा मारण्यात तुझा हात कोण धरणार!"

१२ फेब्रुवारी

ड्वेन घाबराघुबरा घरी आला. एप्रनच्या शेजारचा उतार सुटला. गावातले दोघे भाऊ होते. एक गळ्यापर्यंत गाडला गेला. दुसऱ्यानं त्याला उकरून काढलं. दोन बरगड्या आणि एक स्की, एवढ्यावर निभावलं. तोच थर, सतरा जानेवारीचा.

पॉलीला फोन केला. झालं ते सांगितलं. तिनं विचारलं, "किती वेळात काढलं?"

"अगं, काढलं ना! वाचला तो."

"ते कळलं. किती वेळात काढलं, नेट्टा?"

मला माहीत नव्हतं. तिनं फोन ठेवल्यावर वाटलं, काय विचित्र बाई आहे, बरगड्यांची चौकशी नाही, वेळेची चौकशी.

आज मला भीती वाटते आहे, हेही लिहून ठेवते. ड्वेनला सांगणार नाही.

२३ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

इशारा उतरून दुसऱ्या पायरीवर आलाय. थर हळूहळू दबून वरच्या-खालच्या बर्फाला चिकटू लागलाय. एप्रनच्या डोक्यावर खड्डा खणला, खांद्यातून शेवटची थाप मारली तरी खांब जागचा हलला नाही. शेजारी दुसरा खणला, तोही ढिम्म. वारा नाही, ऊन कोवळं, पायाखाली साखरेसारखा सुटा बर्फ. असा दिवस मागून मिळत नाही.

पॉली म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "का?"

वीस वर्षांत हा शब्द आमच्यात त्या जागी उच्चारला गेला नव्हता. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये शिटी वाजवली होती.

"विचारायचं नसतं, नेट्टा."

"नसतं, ठाऊक आहे. पण खड्डा बघ! थापा बघ! तुला बर्फाची भीती वाटत नाहीये, तुला कंटाळा आलाय. माझा. इम्केबरोबर आली असतीस तर 'हो' म्हणाली असतीस."

"इम्केचं इथं काय?"

"तूच सांग. अंगणात कसला बोर्श शिजतो तुमचा? आणि घाबरत असशील तर तसं सांग. घरी बसून मोजे वीण."

ती म्हणाली, "मोजे विणणं सोडलं मी." आणि वळून झाडीकडे चालू लागली.

मी एकटी जाऊ शकत होते. गेले नाही. गाडीत रेडिओवर बातम्या लावल्या. दोघींनीही त्या ऐकल्या नाहीत.

२७ फेब्रुवारी

फोन नाही. मीही केला नाही. बस घेऊन जाताना पॉलीच्या घराकडे बघत नाही, त्यामुळे हिरवी गाडी आजही होती हे मला माहीत नाही.

ड्वेन जेवताना म्हणाला, "परवा पेट्रोलपंपावर पॉली भेटली. तिला गाडीच्या टाकीचं झाकण..."

"तिचं नाव काढू नकोस."

"अगं, ऐक तरी. ते झाकण तिला..."

"ड्वेन, हॉकी लागलीय. बघ."

तो हॉकी बघायला गेला.

२ मार्च

पॉलीचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "उद्या एप्रनवर जाऊ. मी 'नाही' म्हणणार नाही." एवढंच. मी जिंकले. मग मला झोप का येत नाही ते कळत नाही.

३ मार्च

वर पोचलो. सगळं त्या दिवसासारखंच, आकाश जरा जास्तच निळं. खड्डा खणला, खांब हलला नाही. बीकन तपासले. पॉली म्हणाली, "हो. जा."

उतारावर एका वेळी एकीनंच जायचं आणि दुसरीनं आडोशाला उभं राहून तिच्यावरची नजर काढायची नाही, ही आमची रीत. मी कडेपाशी गेले. गॉगल पुसायला थांबले आणि सहज मागे वळून बघितलं.

पॉली बर्फात बसली होती. पाठपिशवी उघडी. फावड्याला दांडा लावून ते शेजारी खोचून ठेवलं होतं आणि ती सळई जोडत होती. मी अजून उतारावर पाय टाकला नव्हता, मला काही झालं नव्हतं. हातमोजे दातात धरले होते. उजवा हात असा थरथरत होता की दोरी खाचेत बसेना. बसली, सुटली. पुन्हा ओढली, पुन्हा सुटली. तिनं मनगट दोन गुडघ्यांत आवळून धरलं आणि परत ओढली.

"काय करतेस, पॉली?"

तिनं मोजे तोंडातून काढले. "आधीच जोडून ठेवते. तू खाली गाडली गेल्यावर मला फार वेळ लागेल."

मग एकेक आठवत गेलं. पोतं, पिराही, टेकवलेला कप, खिशातले हात. बर्फातलं पीसही माझ्या भिंगातून सुटत नाही, असं मी गावभर सांगत असते. ती या डोंगराला कधी घाबरली नव्हती. मी गाडली गेले तर मला काढता येणार नाही, याला घाबरत होती. आणि मी तिला मोजे विणायला सांगितलं.

कडेवरून मागे आले. तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "नाही."

तिनं कारण विचारलं नाही. झाडीतल्या हलक्या उतारानं खाली आलो. मी पुढे होते म्हणून बरं झालं.

४ मार्च

सकाळीच पॉलीच्या स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांनी नाव नोव्हेंबरातच सांगितलं होतं, कंपवात. गोळ्या चालू आहेत. चालायला, सावकाश स्की करायला हरकत नाही. बारीक काम मात्र हातून होत नाही, थंडीत तर नाहीच.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू डोंगरात जायला दुसरी बघितली असतीस."

खोटं कशाला लिहू? बघितली असती. आधी महिनाभर रडले असते, मग बघितली असती. तसंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणून मीच बघितली."

मला आधी कळलंच नाही. मग खिडकीतून अंगणाकडे बघितलं. उकरलेला बर्फ, पोतं, खोचलेलं फावडं.

"इम्के?"

"हात दणकट आहेत, डोकं थंड आहे. सुरुवातीला फार हळू होती. आता बरी आहे. अजून तयार झाली नव्हती, म्हणून मी तुला थांबवत होते. तुला दम कुठला धरवतो?"

"मग बोर्श?"

"बोर्श तिला जन्मात जमायचा नाही."

मी तिचे दोन्ही हात धरले. धरले की थोडे कमी हलतात. तिनं लगेच सोडवून घेतले आणि म्हणाली, नाटकं पुरे, चहा कर.

१४ मार्च

आज अंगणात इम्केची परीक्षा. पोतं मी पुरायचं, असं पॉलीनं ठरवलं. मत्सर अजून गेलेला नाही, त्यामुळे मी ते कुंपणाच्या तारेखाली, कंबरभर खोल, आडवं करून पुरलं. मुलीनं तार, फांदी, कुत्रा, कशाला जुमानलं नाही. सळई एका झटक्यात जोडली. त्या झटक्याकडे पॉली बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. इम्केनं पोतं उपसून माझ्या पायाशी आणून टाकलं.

"हळू!" पॉली ओरडली. "पुन्हा!"

माझ्या मते हळू नव्हतं. मी तसं म्हटलंही. इम्के घाम पुसत हसली. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं यांना, किती वेळा करायचं? म्हणाल्या, ते पोतं नाही, ती नेट्टा आहे. ती वर असताना मला खाली बसून घास गिळता येईल, तोवर करायचं."

"तुला सांगू नको म्हटलं होतं," पॉली तिला म्हणाली.

"तुम्ही तर मला बोर्श शिकवते असंही सांगितलं होतं."

मी पोतं उचलून पुन्हा पुरायला गेले. कुंपणाकडे तोंड असलं की चेहरा कुणाला दिसत नाही.

१६ मार्च

सतरा जानेवारीचा थर आज इशाऱ्यातून काढून टाकला. धोका सर्वांत खालच्या पायरीवर. पाहुणी गेली, ड्वेननं टाळ्या वाजवल्या.

सकाळी वर गेलो, इम्के आणि मी. पॉली खाली रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीत, मांडीवर दुर्बीण, गळ्यात रेडिओ. ड्वेननं तिथला बर्फ ढकलून तिला अंगण करून दिलं होतं, आणि स्वतः ट्रकमध्ये बसून होता. आता आम्ही तिघी आहोत, तेव्हा 'नाही' म्हणायचा हक्क तिघींचा, असं मीच ठरवलं. पॉलीनं आढेवेढे घेतले नाहीत.

खड्डा खणला. थापा इम्केनं मारल्या. घोड्याला नाल ठोकणारीच्या थापा त्या, आणि तरी खांब उभा. बीकन तपासले.

इम्के म्हणाली, "हो."

मी म्हटलं, "हो."

मग रेडिओचं बटण दाबून विचारलं, "पॉली?"

रेडिओतून नुसती खरखर येत राहिली. खाली रस्त्यावर ती खुर्ची राईएवढी दिसत होती. मी स्कीचे बंद सोडायच्या तयारीत होते, खरंच होते, आणि तोंड वाकडं करणार नव्हते. इम्केही कडेपासून मागे सरकली.

"हो," पॉली म्हणाली. मग बटण न सोडता, जोरात, म्हणजे ट्रकमधल्या ड्वेनलाही ऐकू जावं इतक्या जोरात म्हणाली, "जा. आणि गुडघे वाकव जरा, इथून बघणाऱ्यांना वाटतंय झाडच उभं आहे."